इथियोपियात शाकाहारी माणसाच्या जेवणाचं काय? आणि कोणी घरी कॉफीला बोलावलं तर किती वेळ बसावं लागतं?

जेवणाची चिंता सोडा. बुधवारी-शुक्रवारी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास, ईस्टरआधी तर सलग 55 दिवस. मांस, दूध, अंडं सगळं बंद. हॉटेलात नुसतं 'त्सोम', म्हणजे उपास, म्हणालात की इंजेरावर मसूर, कोबी, बीट, पालेभाजी मांडून येतं. शिरो म्हणजे शिरा नव्हे, बर्बेरे मसाला घातलेलं झणझणीत पिठलंच. इंजेरा जाळीदार आंबोळीसारखा, आंबट जरा जास्त.

मी लिहायला बसले ते कॉफीसाठी.

आमचे हे ताना सरोवराकाठच्या बाहिर दार शहरात शिकवायला होते. घरमालकिणीच्या आवारातच मागच्या दोन खोल्या आमच्या. पहिल्याच आठवड्यात तिने बोलावलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, धूप जळतोय, ताटलीत मक्याच्या लाह्या. तिने समोर बसून कच्च्या बिया धुतल्या, शेगडीवर काळपट होईतो परतल्या आणि तो धुरकट तवा एकेकाच्या नाकाखाली फिरवला. मी आरती घेतात तसा धूर हाताने ओढून घेतला. ह्यांनी रुमाल काढला! मग कुटणं, मग जेबेनात, म्हणजे लांब मानेच्या मातीच्या भांड्यात, उकळणं. पहिला कप हाती यायला पाऊण तास. तो संपवून हे उभेच राहिले, "झाली की कॉफी, उद्याची तयारी करायचीय." मीही उठले. मालकिणीची मुलगी जेबेनात पुन्हा पाणी ओतत होती, तिचा हात तसाच थांबला.

पहिला कप अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. तोच चोथा पुन्हा उकळतात, म्हणून कॉफी फिकी होत जाते. पण बरका म्हणजे आशीर्वाद. तो न घेता निघणं म्हणजे हळदीकुंकवाला जाऊन कुंकू न लावता परत येणं.

पुढचे तीन आठवडे बोलावणं नाही. हे अजून म्हणतात, भाड्याला उशीर झाला म्हणून. भाडं वेळेवर गेलं होतं, मीच नेऊन दिलं होतं. शेवटी मी किलोभर साखर घेऊन एकटी गेले, तिन्ही कप बसून प्याले. जेवताना तिने इंजेराचा हा एवढा घास करून माझ्या तोंडात कोंबला. त्याला गुर्शा म्हणतात, मायेने भरवणं. ह्यांना ते उष्टं वाटतं. लग्नात नाव घेऊन जिलबी भरवली ती कोणत्या हाताने, विचारलं तर उत्तर नाही.

तर दीड-दोन तास मोकळे ठेवा. घाई असेल तर बोलावतील तेव्हाच सांगा, पहिल्या कपानंतर नाही. बरोबरच्या माणसाचं घड्याळ खोलीवर ठेवायला लावा.

हो, एक राहिलं. उपास नसेल त्या दिवशी शिरोत मसाल्याचं तूप असतं, दूधतूप वर्ज्य असेल तर विचारून घ्या. बोझेना शिरो मागवू नका, त्यात मांस असतं. आणि ताना सरोवराच्या काठी उपासाला मासे चालतात असं मानणारेही भेटतात, तेव्हा 'त्सोम' म्हटल्यावरही ताटाकडे एकदा बघून घ्या.