भिडस्त स्वभाव आणि हॉटेलची नोकरी

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते आणि हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वभाव भिडस्त असल्यामुळे चारचौघांत माझी जीभ अडखळते. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलत असल्याने इंग्रजीही सफाईदार नाही. तोंडी परीक्षेत ‘व्यक्तिमत्त्व कमी पडते’ असा शेरा मिळाला. शिफ्टच्या आधी नखे, बूट आणि केस तपासतात म्हणे, त्याचाही मला अपमान वाटतो. वडील मला व्यक्तिमत्त्व विकासाच्या तीन महिन्यांच्या वर्गाला घालायचे म्हणतात. त्याने फरक पडेल, की मी हे क्षेत्रच सोडावे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : क्षेत्र सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. तुम्हाला मिळालेला शेराच मला अपुरा वाटतो, कारण नेमके काय कमी पडते, आवाज, उभे राहण्याची ढब, भाषा की धीर, हे त्यातून कळत नाही. शिक्षकांना भेटून तेवढे स्पष्ट विचारून घ्या.

मी सव्वीस वर्षे हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताच्या काउंटरवर, काढली आणि त्यातली बरीच वर्षे नव्या मुलामुलींना शिकवले. या कामातले व्यक्तिमत्त्व म्हणजे बोलकेपणा, हा समज मीही सुरुवातीला बाळगून होते. तो एका रात्री गेला. विमान उशिरा आल्यामुळे रात्री दीडच्या सुमारास एक जोडपे वृद्ध आईला घेऊन काउंटरवर आले आणि आरक्षण असूनही त्यांची खोली तयार नव्हती. चूक सर्वस्वी आमच्या हॉटेलची होती. माझा एक सहकारी अस्खलित इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करत होता आणि त्याच्या प्रत्येक वाक्यासरशी पाहुण्यांचा पारा चढत होता. नुकताच ट्रेनिंगला आलेला एक अबोल मुलगा मागे उभा होता. आजींनी काउंटरची कड घट्ट धरली आहे आणि त्या सारखा पाय बदलत आहेत, हे फक्त त्याने पाहिले. त्याने खुर्ची आणून ठेवली, कोमट पाणी दिले, हाउसकीपिंगला फोन केला आणि मग आजींच्या मुलाला म्हणाला, “खोली व्हायला वीस मिनिटे लागतील. तोवर मी इथेच आहे.” त्यावर आजींच्या मुलाचा आवाज खाली आला. खोली अठराव्या मिनिटाला तयार झाली.

आधी समोरच्याकडे लक्ष जाणे आणि मग मोजके, खरे बोलणे ही दोन्ही कामे भिडस्त माणसाला उत्तम जमू शकतात. किंबहुना मनातून घाबरणारी माणसे दुसऱ्याची अडचण लवकर ओळखतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. मात्र ओळखलेली अडचण दूर करायला पुढे होण्याचा धीर हवा आणि तो सरावानेच येतो. म्हणून वर्गाला पैसे भरण्यापूर्वी तिथे काय करून घेतात ते पाहा. चेक-इन, टेलिफोनवरचे बोलणे, चिडलेल्या पाहुण्याची तक्रार असे प्रसंग प्रत्यक्ष उभे करून चुका सांगत असतील, तर अवश्य जा. नुसती भाषणे आणि टाळ्या असतील, तर वडिलांचे पैसे वाचवा.

इंग्रजीचे ओझे तुम्ही उगीच वाढवून घेतले आहे. काउंटरवर रोज लागणारी वाक्ये चाळीस-पन्नासच्या वर नसतात. ती सावकाश, शब्द न गिळता, मोठ्याने म्हणत राहिलात, तर दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतील. तुमच्या मराठीला तर इंदुरात फार मोल आहे. उज्जैन आणि ओंकारेश्वराच्या दर्शनाला महाराष्ट्रातून येणारे कितीतरी लोक इंदुरात मुक्काम करतात. दिवसभराच्या प्रवासाने शिणलेल्या काकूंना काउंटरवर “दमलात ना? आधी बसा,” हे ऐकू आले, की त्यांचा निम्मा शीण तिथेच उतरतो.

एक अभ्यास सांगते. रात्री सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या इंदूरच्या सराफा बाजारात, जा आणि गर्दीच्या एखाद्या ठेल्यापाशी तासभर उभ्या राहा. कोणाला बिनतिखटाचे हवे, कोण आधी आले, कोणाचे सुटे पैसे द्यायचे राहिले, हे तो माणूस हात न थांबवता कसे सांभाळतो आणि नव्या गिऱ्हाइकाला थांबायला लावतानाही नजरेने त्याची दखल कशी घेतो, ते वहीत टिपा. बाहेरगावचा माणूस शिकंजी मागताना लिंबाचे सरबत मनात धरतो, तर इंदुरात त्याच्यासमोर दुधाची, सुक्यामेव्याची दाट शिकंजी येते. पेला भरण्याआधी हे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

राहिला प्रश्न नखे, बूट आणि केसांच्या तपासणीचा. शिफ्टच्या आधी ती होणारच. तिचा अपमान वाटून घेऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी एका हॉटेलात नोकरी करते. पाहुण्यांची बोलणी हसतमुखाने ऐकून ती घरी गप्प-गप्प असते. यात तिचा स्वाभिमान मारला जात नाही का? – एक आई, रामबाग

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. मनात नसताना चेहरा प्रसन्न ठेवणे हेही श्रमच आहेत. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून 1983 मध्ये अशा श्रमांना ‘भावनिक श्रम’ म्हटले. तेव्हा ती घरी आल्यावर अर्धा तास तिला कोणी काही विचारू नये, एवढे आधी करा. हॉटेलच्या चुकीबद्दल पाहुण्याची माफी मागण्यात कमीपणा नाही. पण शिवीगाळ किंवा लगट सहन करणे हा नोकरीचा भाग नव्हे. अशा वेळी तिने तिथून बाजूला व्हावे, ड्यूटी मॅनेजरला बोलवावे आणि घडलेले त्याच दिवशी तारीख-वेळेसह लॉगबुकात लिहावे. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही संरक्षण देणे मालकावर बंधनकारक केले आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असावीच लागते. त्या समितीवर कोण कोण आहे, हे तिला आजच विचारून घ्यायला सांगा.