व्हर्च्युअलबॉक्समधल्या लिनक्सवरचा वेब सर्व्हर आतल्या ब्राउझरमध्ये उघडतो, पण मूळ कॉम्प्युटरवरून का उघडत नाही?

तुमचा सर्व्हर बहुधा फक्त १२७.०.०.१ वर ऐकतोय आणि नेटवर्क नॅट मोडवर आहे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (आतला आभासी कॉम्प्युटर) बाहेर जाऊ शकतं, पण बाहेरून थेट त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागेल. १२७.०.०.१ म्हणजे प्रत्येक मशीनचा स्वतःपुरता पत्ता, त्यामुळे मूळ कॉम्प्युटरवर लोकलहोस्ट (याच पत्त्याचं नाव) टाकलं की ब्राउझर त्याच कॉम्प्युटरवर शोधतो, व्हर्च्युअल मशीनपर्यंत जातच नाही. आतला १०.०.२.१५ हा पत्ताही बाहेरून चालत नाही, कारण तो नॅटच्या आड असतो.

आत 'ss -tln' ही कमांड चालवून सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. १२७.०.०.१:८००० दिसलं, तर सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकेल असा सुरू करा. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे मूळ कॉम्प्युटरच्या (होस्ट) एका पोर्टवर आलेली विनंती आतल्या मशीनच्या (गेस्ट) पोर्टकडे पाठवण्याचा नियम घाला:
- होस्ट आयपी १२७.०.०.१, होस्ट पोर्ट ८०८०
- गेस्ट पोर्ट ८०००

आता मूळ कॉम्प्युटरवर लोकलहोस्ट:८०८० उघडा. होस्ट आयपी रिकामा सोडू नका, नाहीतर नेटवर्कवरच्या इतरांनाही तो पोर्ट खुला होऊ शकतो.

मात्र ब्रिज्ड मोड (व्हर्च्युअल मशीन थेट तुमच्या नेटवर्कला जोडलेलं) असेल तर फॉरवर्डिंग लागत नाही, मशीनचा स्वतःचा आयपी वापरायचा. तिथे ब्राउझर नुसताच फिरत राहिला, तर आधी आतली फायरवॉल तपासा.