शैली नंतर, आधी तुला बघणारं माणूस शोध

प्रिय बेटा,

तुझं पत्र वाचलं. अय्यंगार योग शिकायला पुण्याला जाऊ, की अष्टांग योगासाठी म्हैसूरला, की ऋषिकेशचा योगशिक्षकांचा २०० तासांचा कोर्स करून मोकळी होऊ? आणि तोवर समाजमंदिरातला वर्ग कोणत्या पद्धतीने चालवू? शेजारच्या गावातल्या पॉवर योगावाल्या पोराकडे तुझे काही विद्यार्थी गेले, हे अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंस. दुखतं तिथेच, हे मला कळलं. पण एवढ्या लांब पत्रात एक गोष्ट कुठेच आली नाही. तू शिकवतेस तेव्हा तुला बघतं कोण? तुझं त्रिकोणासन शेवटचं कोणी तपासलं?

शैलीचं आधी निस्तरू, कारण ते तुला वाटतं तेवढं अवघड नाही. तू ज्या दोन पद्धतींत अडकलीस, त्या एकाच गुरूच्या दोन शिष्यांच्या आहेत. टी. कृष्णमाचार्य १९३३ पासून म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत शिकवत. समोर बहुतेक वाढत्या वयाची पोरं. श्वासागणिक हालचाल आणि उडी मारून पुढच्या आसनात जाणं त्या पोरांच्या अंगाला मानवलं, आणि पट्टाभी जोइस यांनी ती धाटणी अष्टांग विन्यास म्हणून पुढे चालवली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले. त्यांच्यापुढे सगळ्या वयाची, दुखणाईत माणसंही बसू लागली, म्हणून आसन धरून ठेवणं आलं, सांध्यांच्या दिशेची शिस्त आली, पट्टा, वीट, खुर्ची, दोर आले. गुरूंचे चिरंजीव देशिकाचार यांनी चेन्नईत एकेका माणसापुरता अभ्यास बांधून द्यायची रीत वाढवली. गुरू एकच, समोरची माणसं वेगळी. तेव्हा कोणती शैली श्रेष्ठ हे विचारू नकोस. माझ्यासमोर कोण बसलंय, ते विचार.

तुझ्यासमोर निंदणाला आणि वेचणीला दिवसभर वाकणाऱ्या बाया बसतात. त्यांना उकिडवं बसणं शिकवावं लागत नाही. शहरातल्या वर्गात मालासनावर जो वेळ जातो, तो इथे वायाच. त्यांचं अडतं दुसरीकडे. हात कानाजवळून वर न्यायला सांगितले की बरगड्या पुढे येतात आणि कंबर खचते. पालथं झोपून छाती उचलायला सांगितली की मान मागे पडते, पाठीचा वरचा भाग मात्र हलत नाही. भुजंगासनात नाभी जमिनीला, तळहात छातीच्या बाजूला आणि नजर पुढे हातभर अंतरावर ठेव. मग तळहात बोटभर उचलायला सांग. छाती धपकन खाली आली, तर ती हातांनी उचलली होती, पाठीने नाही. तेवढं जमेपर्यंत पुढे जाऊ नकोस. त्यानंतर अर्धशलभासन, म्हणजे पालथं झोपून एकेक पाय उचलणं, आणि शेवटी भिंतीला पाय लावून विपरीत करणी ५ मिनिटं. गुडघ्यांसाठी बिहारमधल्या मुंगेरच्या योगविद्यालयाच्या परंपरेतली पवनमुक्तासनांची मालिका घे. पाय लांब करून बसायचं आणि पादांगुली नमन (पायाची बोटं वाकवणं), गुल्फ नमन (घोटा वाकवणं), गुल्फ घूर्णन (घोटा फिरवणं), जानु नमन (गुडघा वाकवणं) प्रत्येकी १० वेळा करायचं. ही मालिका फोटोत काहीच दिसत नाही, म्हणून नवे शिक्षक ती टाळतात. निंदणाच्या दिवसांत हीच कामाला येते.

आता त्या पोराचं बघ. पॉवर योगा अष्टांगमधूनच निघालाय. अष्टांगच्या रिवाजाने सूर्यनमस्कार 'अ' आणि 'ब' पाच-पाच घेतले, तर 'अ' मध्ये एकेक आणि 'ब' मध्ये तीन-तीन, असे एकूण २० चतुरंग दंडासन (कोपरं वाकवून अंग जमिनीला समांतर धरणं) होतात. समोरचा माणूस आदल्या दिवशी १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन वावरात फिरलेला. त्याचा खांदा आधीच दमलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत खांदे कोपरांच्या पातळीखाली जातात आणि सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. महिनाभरात तो म्हणतो, 'योगाने हात दुखते.' गुडघे टेकवले किंवा निम्मे चतुरंग गाळले, तर हे टळतं. पण त्या पोरावर चिडू नकोस. त्यालाही कोणी बघत नाही. मागे उभं राहून 'अरे, तिसऱ्या रांगेतल्या काकांचे खांदे बघ' असं सांगणारं माणूस त्याच्याकडे नाही आणि तुझ्याकडेही नाही.

हे मी परत परत म्हणणार. आपलं शरीर आपल्याला आतून कळतं, आपलं शिकवणं आतून कळत नाही. आसन समोरून दाखवताना तू डावं-उजवं उलटं बोलतेस का, श्वास घ्यायला सांगून सोडायला सांगायचं विसरतेस का, पुढच्या रांगेकडेच बघून बोलतेस का, हे तुला स्वतःला दिसूच शकत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून थोडं कळतं. पण कॅमेरा तुझ्यावर असतो, विद्यार्थ्यांवर नाही, आणि चूक त्यांच्या अंगात दिसते.

काही गोष्टींत तर दुसरा डोळा नसणं धोक्याचं आहे. आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल आहे. नाव लिहून घेतानाच विचार. सिकलसेलग्रस्ताला श्वास रोखून धरायला लावायचा नाही, म्हणजे कुंभक नाही. दम लागेपर्यंत भस्त्रिका (जोरजोराने श्वास घेणं-सोडणं) किंवा सूर्यनमस्कार नाही, उन्हात नाही, पाणी न पिता नाही. प्राणवायू आणि पाणी कमी पडलं की त्याच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. वाहक असलेल्यालाही दमछाकीपर्यंत नेऊ नकोस. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल, तर कपालभाती नाही. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, हे बाया वर्गात सांगत नाहीत. वर्ग सुटल्यावर एकेकीला बाजूला घेऊन विचार, कारण त्यांनाही कपालभाती आणि पोटाला जोर देणारी आसनं त्रास वाढवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेल्याला डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोकं खाली न्यायला लावू नकोस. काचबिंदू असेल तर कधीच नाही. आणि फवारणी करून आलेल्या माणसाला मळमळ, चक्कर, लाळ किंवा डोळ्यांची आग असेल, तर त्याला अनुलोम-विलोम शिकवत बसू नकोस. कपडे बदलून अंग साबणाने धुवायला लाव आणि दवाखान्यात पाठव. फवारणीच्या औषधाचा डबा सोबत दे.

हे सगळं एका वहीत असावं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान द्यायचं, त्यावर वय, दुखणं, ऑपरेशन, काय करायचं नाही. तू माहेरी गेलीस आणि तुझ्या जागी दुसरी शिक्षिका आली, तर तिने ती वही उघडावी. आता कळलं, शिकवणाऱ्यांनी एकत्र येऊन गट करावा, असा धोशा मी का लावते ते?

गट असा बांध. १५-२० किलोमीटरच्या टापूत शिकवणारे सहा-आठ जण पुरतात. तुझे नागपूरच्या योगाभ्यासी मंडळाच्या पद्धतीने शिकवणारे निवृत्त गुरुजी हवेत, फक्त प्राणायाम घेणाऱ्या ताई हव्यात, तो पॉवर योगावाला पोरगाही हवाच. महिन्यातून एक रविवार, तीन तास. पहिला दीड तास एकाने शिकवायचं. बाकीच्यांनी त्याच्या पद्धतीने, आपलं पांडित्य बाजूला ठेवून, विद्यार्थी म्हणून करायचं. एकाने आसन करायचंच नाही, मागे फिरत फक्त बघायचं आणि तीनच गोष्टी लिहायच्या: एक जमलेली, एक बिघडलेली आणि एक धोक्याची. त्यापुढे अर्धा तास त्याच तीन गोष्टींवर बोलायचं. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपला एक अडलेला विद्यार्थी मांडायचा आणि पुढच्या महिन्यात कोणाचा वर्ग कोण सांभाळणार ते ठरवायचं. पुढच्या वेळी शिकवणारा बदलतो, बघणाराही बदलतो.

हे गट कसे मोडतात, तेही ऐक. वयाने मोठा माणूस पतंजलींवर तासभर बोलतो आणि आसनं राहतात. अध्यक्ष, सचिव ठरतात, शाल-श्रीफळ येतं आणि चौथ्या महिन्याला रुसवे सुरू होतात. व्हॉट्सॲपवर सकाळच्या शुभेच्छा येतात, कामाचा निरोप त्यात बुडतो. म्हणून वर्षभर नोंदणी नाही, पदं नाहीत, सत्कार नाहीत, आणि ग्रुपवर फक्त तारीख, जागा आणि वर्ग सांभाळण्याचे निरोप. विद्यार्थी एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर नव्या शिक्षकाने जुन्याला फोन करून त्याचं वहीतलं पान मागायचं. हा एक नियम पाळला, तर विद्यार्थी पळवण्याचं भांडण निम्मं संपतं. त्या पोराला तू आधी फोन कर. रुसून बसायला तुझ्याकडे वेळ नाही.

साहित्य गटाचं सामाईक ठेवा. अय्यंगार पद्धतीचे ठोकळे विकत आणायची गरज नाही, विटा चालतात. पण भाजलेली वीट बघून घे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणकन वाजल्या पाहिजेत. बद्द आवाज आला तर ती कच्ची, हाताच्या भाराने कोपरा तुटतो. जुन्या लुगड्याचे दोन पदर घट्ट गुंडाळून शिवून टाक, म्हणजे धूळ पडत नाही आणि हात सरकत नाही. पट्ट्याऐवजी सुती दुपट्टा घे, नायलॉनचा नको, तो निसटतो. खुर्ची मात्र लोखंडी घडीची हवी. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फाकतात. सर्वांगासनासाठी गोधड्या घे, पण जुन्या, दबलेल्या. तीन गोधड्या एकाच मापाच्या घडीत रचायच्या, घडीची गोल, सरळ कड मानेकडे ठेवायची. खांदे कडेपासून दोन बोटं आत, डोकं खाली जमिनीवर. नवी, फुगीर गोधडी घेतली तर खांदे रुततात आणि भार मानेच्या मणक्यांवर येतो. एवढी तयारी नसेल तर सर्वांगासन घेऊच नकोस, विपरीत करणी पुरते.

वेळेचं थोडक्यात. योगदिनी, २१ जूनला, सुरू केलेला वर्ग कपाशीच्या गावात पेरणीच्या पावसात वाहून जातो. तो दिवस साजरा कर, नवी तुकडी त्या दिवशी उघडू नकोस. वेचणीच्या महिन्यांत बायांना पहाटेचा वर्ग जमत नाही. संध्याकाळी, जेवणाआधी घे. ज्या गावात सामुदायिक प्रार्थना होते, तिथे प्रार्थनेच्या आगेमागे तीच जागा मागून बघ. गोंदिया-गडचिरोलीकडे मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात पहाटे माणूस जंगलात असतो, हे गृहीत धर. एप्रिल-मेमध्ये सकाळी ७ च्या आत शवासन संपलं पाहिजे.

पैशाचं तू संकोचाने लिहिलंस. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विदर्भात विनामूल्य शिकवण्याची परंपरा रुजवली. त्या पुण्याईवर आपण सगळे उभे आहोत, आणि त्यामुळेच गावात फी मागताना जीभ अडखळते. ज्याचं घर निवृत्तिवेतनावर चालतं, त्याने विनामूल्य शिकवावं, चांगलंच आहे. तुझं चालत नाही. फी गटात बसून ठरवा, गावाची एक आणि तालुक्याची एक. ज्याला जमत नाही त्याला माफ करा, पण ठरल्यापेक्षा कमी सांगून कोणी विद्यार्थी ओढायचे नाहीत.

लोक मला हटवादी म्हणतात. कोणी शिक्षक प्रमाणपत्र घेऊन आला की मी आधी महिन्याच्या बैठकीबद्दल विचारते, आणि तो 'वेळ नाही' म्हणाला की त्याच्याकडे विद्यार्थी पाठवत नाही. म्हणू देत. आमच्या पिढीत या भागात फार चांगले शिक्षक होते. एकेकटे शिकवत राहिले, एकेकटे थकले, आणि त्यांच्या हातातली खुबी कोणी टिपून घेतली नाही. मला त्याचा सल आहे, आणि तो माझ्याबरोबरच जाईल. म्हणून तुझ्या बाबतीत मी मागे हटणार नाही. पुण्याला जा, म्हैसूरला जा, एक पद्धत नीट, मुळापासून शिक, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण परत आल्यावर तुला बघणारं कोणी नसेल, तर दोन वर्षांत ते शिक्षण तुझ्या सवयींत विरघळून जाईल.

येत्या आठवड्यात तीन फोन कर: गुरुजींना, ताईंना आणि त्या पोराला. पहिल्या बैठकीत शिकवायची पाळी त्या पोराला दे, बघायची तू घे. कोरी वही, दोन पेन आणि पाण्याची कॅन ने. बैठक झाली की तू लिहिलेल्या तीन गोष्टी मला पाठव.

तुझी,
ताई