किनारा ‘निष्क्रिय’ असेल, तर त्याखालची खोरी भ्रंशांनी कशी घडवली?

आपला प्रश्न असा आहे की, भारताच्या पूर्व किनाऱ्याला निष्क्रिय किनारा म्हणतात, मग कृष्णा-गोदावरीच्या मुखांखाली भ्रंशांनी घडलेली खोल खोरी, म्हणजे गाळाने भरलेले भूकवचाचे खचलेले भाग, कशी सापडतात. मी सोलापुरात भूशास्त्र शिकवतो. समुद्र आमच्यापासून दूर असला, तरी भीमेचा गाळ कृष्णेतून शेवटी तिथेच जातो, त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही.

‘निष्क्रिय’ हे विशेषण आजच्या स्थितीपुरते आहे. भूपट्टांची सीमा आज त्या किनाऱ्यावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकमेकांपासून विलग होत होते, तेव्हा हाच पट्टा ताणला जाऊन फाटत होता आणि तिथले मुख्य भ्रंश त्या काळातले आहेत.

भ्रंश आणि भेग यांत विद्यार्थी नेहमी गल्लत करतात. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन एकाच पातळीवर राहते. भ्रंशात एक बाजू दुसरीच्या तुलनेत सरकलेली असते. खरे उदाहरण पाहायचे तर पूर ओसरल्यावर भीमेच्या काठावर जावे. काठाचा एखादा मोठा तुकडा वक्र पृष्ठावरून घसरून खाली बसलेला असतो आणि घसरताना तो मागे कलतो, म्हणून त्यावरची बाभूळ नदीकडे न झुकता उलट काठाकडे झुकलेली दिसते. तुकड्याची मागची कड आणि उरलेला उभा काठ यांच्यामध्ये एक तिरकी खाच तयार होते. पुढच्या पुराचा गाळ त्या खाचेत काठालगत जाड बसतो आणि नदीकडे पातळ होत जातो. काठ केवळ स्वतःच्या वजनाने घसरतो आणि भूकवच ताणामुळे फाटते, हा फरक आहेच. पण आकार तोच. याला अर्धखचदरी म्हणतात, आणि बहुतेक खचखोऱ्यांचा मूळ घटक हाच असतो, दोन्हीकडून सारखी खचलेली कढई नव्हे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, खोरे आधी तयार होऊन मग गाळाने भरते असे नाही. भ्रंश लाखो वर्षे थोडाथोडा सरकत असतो आणि गाळ त्याच वेळी साचत असतो, त्यामुळे एकच थर भ्रंशाजवळ जाड आणि दूरवर पातळ आढळतो. भूकंपीय छेदात, म्हणजे जमिनीत कंपने पाठवून मिळवलेल्या थरांच्या उभ्या चित्रात, थरांचा असा पाचरीसारखा आकार दिसला, की तो थर भ्रंश चालू असतानाचा, आणि थर सारख्या जाडीने वरून अंथरलेला दिसला, की तो भ्रंश थांबल्यानंतरचा, असे सामान्यतः मानता येते. भ्रंश थांबला म्हणून खोरे खचायचे थांबत नाही. ताणाने पातळ झालेले शिलावरण, म्हणजे पृथ्वीचे बाहेरचे कठीण आवरण, तापलेले असते. ते निवत जाते तसे जड होऊन कोट्यवधी वर्षे सावकाश खाली बसत राहते. १९७८ साली ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेंझी यांनी या दोन टप्प्यांचे गणित मांडले.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात बापटला आणि तणुकू यांसारखे उंच राहिलेले खडकांचे ठोकळे आणि त्यांच्यामधले खचलेले पट्टे साधारणपणे ईशान्य-नैर्ऋत्य, म्हणजे किनाऱ्याला समांतर, आहेत. त्यांना जवळजवळ काटकोनात येऊन मिळते ती प्राणहिता-गोदावरीची त्याहून पुष्कळ जुनी, वायव्य-आग्नेय खचदरी. तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणींचा कोळसा याच जुन्या दरीतला आहे. पूर्वी फाटलेली जागा नव्या ताणाला सहज दाद देते, पण ताणाची दिशा बदलली असेल तर नवे भ्रंश जुन्यांना छेदतात. इथे दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी दिसतात, म्हणून मला हे खोरे शिकवायला फार आवडते. जुने भ्रंश पूर्णपणे मेलेले नसतात हेही खरे. १९६७ साली आंध्र किनाऱ्यावरच्या ओंगोल परिसरात सुमारे ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला होता.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. खोल पाण्यातल्या छेदांत दिसणारे पुष्कळसे वक्र भ्रंश या फाटण्याशी संबंधित नाहीत. नद्यांनी आणलेला प्रचंड गाळ मऊ चिखलाच्या थरावरून समुद्राकडे घसरतो, तेव्हा ते तयार होतात. म्हणजे पुन्हा भीमेच्या काठासारखेच, फक्त अफाट प्रमाणावर. म्हणून छेद हातात आला की मी आधी भ्रंशाचे खालचे टोक शोधतो: ते पायाच्या खडकात शिरते, की चिखलाच्या थरातच आडवे होऊन विरते.