मावशींना विचारा : तीन आठवड्यांत बायबल कमी आणि चिखलच जास्त, हे कसलं मिशन ट्रेनिंग?

सगळ्यांना सलाम. या महिन्यात पुराचीच पत्रं जास्त आलीत, आपल्याकडचा पाऊस बघता ते साहजिकच आहे, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते, कुणी रागावू नका.

प्रश्न : मावशी, आमच्या तरुण संघाने पूरग्रस्तांसाठी घरोघरी फिरून कपडे जमवले, अकरा पोती झाली. टेम्पो करून नेली तर तिथल्या सरपंचबाईंनी हात जोडले आणि परत न्या म्हणाल्या. पोरं फार नाराज झालीत. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मन नाही चुकलं, फक्त निघायच्या आधी एक फोन करायचा राहिला. ज्या गावात भिंती ओल्या आहेत तिथे कपडे ठेवायला कोरडी जागाच नसते, मग ती पोती शाळेच्या व्हरांड्यात पडून सडतात आणि ती उचलायचं काम पुन्हा गावावरच येतं. पुढच्या वेळी सरपंच नाहीतर आशाताईला फोन लावा आणि काय हवंय ते विचारून लिहून घ्या. बहुतेक वेळा फावडी, घमेली, झाकणाच्या बादल्या, ताडपत्री, टॉर्च, साबण, पॅड आणि आतले नवे कपडे हेच निघतं. आणि पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं धरून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात, ते बाटल्यांनी कधी पुरणार? टँकर आणि पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर बघा. पोरांना म्हणावं नाराज नका होऊ, ज्यांनी अकरा पोती जमवली ते फावडीही जमवतील.

आता ज्या पत्राने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही ते.

प्रश्न : मावशी, सलाम. मी २१ वर्षांचा आहे, ब्रह्मपुरी तालुक्यातला. बी.ए. झाल्यावर सहा महिन्यांच्या मिशन ट्रेनिंगला आलो. पहिले दोन आठवडे खूप मस्त गेले, पाचला उठायचं, क्वाइट टाइम म्हणजे एकट्याने बायबल आणि प्रार्थना, मग लेक्चर, दुपारी भांड्यांची ड्युटी, रात्री एकमेकांची साक्ष. वाटलं हेच माझं बोलावणं आहे. तिसऱ्या आठवड्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेकाठच्या गावांत पाणी घुसलं तर आमची पूर्ण बॅच मदतीला पाठवली. तेव्हापासून मी फक्त चिखल काढतोय. एका आजीचं घर साफ केलं, तिची धानाची कनगी बुडाली होती, मी आत हात घातला तर धान गरम लागलं मावशी, एखाद्या जिवंत जनावराच्या पोटात हात घातल्यासारखं, वास तर सांगूच शकत नाही. आम्ही ते सगळं बाहेर फेकलं. आजी त्यातले ओंजळभर दाणे पदरात घेऊन बसली आणि म्हणाली, "बापा, एवढे तरी सुकतीन का रे?" मला काहीच बोलता आलं नाही. नंतर शेजारचा माणूस ओरडला का पंचनामा व्हायच्या आधी काऊन फेकलं म्हणून. आमच्या लीडरने सांगितलंय की प्रत्येक रेशन किटमध्ये एक सुवार्तेची पत्रिका, म्हणजे येशूचा संदेश छापलेला कागद टाका, मला ते कसंतरी वाटतं पण नाही म्हणायची हिंमत नाही, विश्वास कमी पडतोय का माझा? इकडे बाबांचा रोज फोन. आमचाही धानाचा रोवणा सडला, पऱ्हे म्हणजे रोपं थोडी उरलीत, पुन्हा रोवायचं आहे. ते म्हणतात, "लोकायचे घरं साफ करून रायला, आपल्या बांधीत कोन उतरंन?" प्रार्थनेला बसलो की झोप लागते. पायाला चिखल्या झाल्यात. मी चुकीच्या जागी तर नाही ना आलो?
– तुमचा एक मुलगा

उत्तर : बेटा, सलाम.

आधी पाय, कारण मी जन्मभर नर्स होते आणि मला पायाचंच पहिले दिसतं. रोज संध्याकाळी पाय साबणाने धू आणि बोटांच्या मधली जागा कोरड्या कपड्याने पुसून पूर्ण सुकव, ओल्यावर तेल थापलं तर चिखल्या वाढतात, सुकल्यावर खोबरेल तेल चालेल, नाहीच बसल्या तर आरोग्य केंद्रातून मलम घे. रात्री पाय उघडे ठेव. गमबूट नसतील तर लीडरकडे माग, लाजू नको. पायाला कापलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघ. आणि नीट ऐक, पुराच्या पाण्यात उंदराचं, जनावराचं मूत मिसळलेलं असतं, म्हणून ताप आला, पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढायचं नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं आणि मी पुराच्या पाण्यात काम करतो हे डॉक्टरला स्वतःहून सांगायचं, म्हणजे ते लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाचा विचार करतात. ढिगाऱ्यात हात घालायच्या आधी काठीने हलव, पुरात साप पण कोरडी जागा शोधत घरात येतात. कुणाला चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच, १०८ ला फोन आणि सरळ रुग्णालय.

आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर तुझ्या लीडरने नाही, मोठ्या पाळकांनी सांगितलं तरी उतरू नको. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज माहीत आहे ना, १८८३ चं, ते ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटजवळ पुराच्या नाल्यात बुडून गेले, अजून पन्नाशीही गाठली नव्हती. आपल्याकडचा नाला दिसतो लहान, पण नदी फुगली की त्याचं पाणी मागे फिरतं, आणि तो कुणाची सेवा बघत नाही.

आता पंचनामा. शेजारी ओरडला ते बरोबरच होतं, पण हे तुम्हाला कुणी शिकवलंच नाही तर तुझा एकट्याचा दोष नाही. यापुढे घरात फावडं लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायचे, पडलेली भिंत, पाण्याची खूण, भिजलेलं धान, मेलेलं जनावर, आणि घरच्या माणसाला त्या फोटोत उभं करायचं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आले की तेच कामी पडतात. आजीकडे परत जा. कनगी किती मोठी होती ते शेजारच्यांकडून विचारून लिहून काढ, तिचं आधार आणि पासबुक भिजलं असेल तर सुकवून झेरॉक्स करून दे, तलाठ्याच्या यादीत तिचं नाव चढलं का ते स्वतः जाऊन बघ. हे किचकट काम आहे आणि अशा वेळी म्हाताऱ्या एकट्या बाईसाठी कुणीच करत नाही, सगळे आपापल्या अर्जाच्या मागे असतात. धान आतून गरम लागलं म्हणजे ते सडत होतं, फेकायलाच पाहिजे होतं, ते पोटात गेलं असतं तर आजारी पडली असती. पण ते तिच्यासमोर, तिला विचारून फेकायचं. तिने वर्षभराचं खाणं कनगीत भरून ठेवलं होतं ना.

तुला काही बोलता आलं नाही असं लिहिलंस. मी बोलले होते म्हणून सांगते. १९९१ मध्ये ३० जुलैला वर्धा नदीचं पाणी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये शिरलं, २०४ माणसं गेली. मी नुकती नर्स झालेली, तुझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, आठवडाभराने आम्हाला तिथे नेलं. एक बाई सुपात गहू घेऊन खडे वेचत होती, तिची पोरगी गेली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, ताई, देवाची काहीतरी योजना असेल. तिचा हात सुपातच थांबला. मग ती सूप घेऊन उठली, दुसऱ्या कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसली आणि पुन्हा वेचायला लागली. आम्ही पाच दिवस होतो, ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. इतकी वर्षं झाली, मला तिची पाठ अजून दिसते. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र आठव, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते तोवर त्यांचं काही चुकलं नाही, तोंड उघडलं तिथून बिघडलं. तू आजीजवळ गप्प राहिलास ते बरं केलंस. तिथून लगेच उठला असशील तर आता जाऊन बस.

पत्रिकेबद्दल तुझं मन सांगतंय तेच खरं आहे, विश्वास कमी नाही पडत तुझा. किटमध्ये पत्रिका टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी सुवार्तेची लाज वाटून असं म्हणत नाहीये, माझा जन्म त्यातच गेलाय. पण उपाशी माणूस समोरच्याला नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या हातात दिलेला कागद म्हणजे दबावच. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि जगातल्या मोठ्या मदत संस्थांनी मिळून आचारसंहिता केली, त्यात चर्चच्या संस्था पण होत्या, त्यात लिहिलंय की मदत कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला वापरायची नाही. आणि येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्या माणसासाठी काय केलं बघ, जखमेवर तेल-द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवलं, रात्रभर जवळ राहिला, सकाळी मालकाला दोन दीनार दिले. तू कोणत्या देवाला मानतोस असं त्याने विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. गावातलं कुणी विचारलं का "तुमी कोन, कायले आले?", तर मात्र लपवायचं नाही, सरळ सांगायचं आम्ही ख्रिस्ती आहोत, येशू आमचा प्रभू, म्हणून आलो. कुणी स्वतःहून प्रार्थना कर म्हटलं तर कर, छोटी, त्यांच्या भाषेत.

लीडरला हे सगळ्यांसमोर बोलू नको, भांडी घासताना किंवा चालताना एकटा गाठ आणि म्हण, दादा, माझ्या मनाला हे पटत नाही, मी किट भरतो, वाहतो, वाटतो, पण पत्रिका माझ्या हातून नको. ऐकून घेणारा असेल तर ऐकेल. नाही ऐकलं तर डायरेक्टरशी बोल. लीडरचा मान राखून नाही म्हणणं हेही तुला या सहा महिन्यांत शिकायचंच आहे.

प्रार्थनेला बसलं की झोप येते याचं तर मला वाईटच वाटलं नाही. बायबलमधला संदेष्टा एलिया थकून झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो जेवला, परत झोपला, मग परत उठवून जेवू घातलं. तू दिवसाला आठ-नऊ तास घमेली उचलतोयस. झोप. चिखल काढताना मनात दोन शब्द बोललास तरी देव ऐकतो.

आणि बाबा. बेटा, इथे मी तुझ्या बाबांच्या बाजूने आहे. जे आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात वर करणाऱ्यांवर येशू किती चिडला होता ते मार्काच्या सातव्या अध्यायात वाच. पऱ्हे थांबत नाहीत, वय झालं की रोवून उपयोग नाही, फुटवे कमी येतात. तू उद्याच आठवड्याची सुट्टी माग. जमलं तर बॅचमधले दोघं-तिघं सोबत ने, तुमचं घर पण पूरग्रस्तच आहे ना, मग तुझ्या बाबांच्या बांधीतलं काम मदतकार्यात का नाही धरायचं? तिथेही आधी फोटो, पंचनाम्याला बाबा बांधावर हजर पाहिजेत, सातबारा काढून ठेवा. रोवणा झाला की परत ये, आणि बाबांना रोज तूच फोन कर, त्यांच्या फोनची वाट नको बघू.

चुकीच्या जागी आलास का ते मला इथून बसून सांगता येत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात कुणालाच कळत नाही. पण ज्या पोराला कनगीतल्या धानाची ऊब इतकी लक्षात राहिली त्याला मी माझ्या वॉर्डात कधीही घेतलं असतं.

आजीचं नाव लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही, मला तिच्यासाठी प्रार्थना करायची आहे, आणि यादीत तिचं नाव चढलं का तेही कळव.