कॉकटीलला कामाला लाव

कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा परदेशी पोपट, आणलास ते बरं केलंस. आपला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पुण्यात कितीही घरांत दिसला तरी. पिंजऱ्यातली गुळगुळीत दांडी काढ, फवारणी न केलेली पेरूची फांदी धुऊन लाव.

खरा शत्रू कंटाळा. आयतं वाटीत मिळत राहिलं तर काही पक्षी स्वतःचीच पिसं उपटतात. म्हणून मंडईतलं कोवळं कणीस सालासकट टांग, राळे कागदाच्या पुडीत बांधून दे. फाडू दे खुशाल! केर तुलाच काढायचाय म्हणा. सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार, त्या फक्त बक्षीस म्हणून. अॅव्होकाडो, चॉकलेट अजिबात नको. आणि नॉनस्टिक तवा आजच हलव. तो जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतो. बाहेर सोडताना पंखा बंद.