पाइपलाइन अडली आणि हात थांबला

प्रश्न : मी हिंजवडीतील एका कंपनीत ११ वर्षे सॉफ्टवेअर अभियंता आहे. पूर्वी सर्व्हर उभा करण्यापासून क्वेरी लिहिण्यापर्यंत सगळे आम्हीच करत असू. आता प्रकल्पाचा सांगाडा तयार मिळतो, चाचण्या आणि डिप्लॉयमेंट (तयार कोड सर्व्हरवर चालू करणे) ही कामे ओळीने आपोआप करणारी यंत्रणा, म्हणजे पाइपलाइन, करते, आणि बराचसा कोड एआय साहाय्यक लिहितो. परवा पाइपलाइन अडली, तेव्हा लॉग, म्हणजे यंत्रणेने केलेली टप्प्याटप्प्याची नोंद, उघडल्यावर पुढे काय पाहायचे हेच मला सुचेना. माझे कौशल्य गंजले आहे, की आता त्याची गरजच उरलेली नाही?
— एक वाचक, वाकड

उत्तर : गंज चढला असेल, पण गरज संपलेली नाही. आयबीएमने १९५७ साली फोर्ट्रान ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणला, तेव्हा आपल्याइतका काटेकोर कोड यंत्र लिहू शकेल यावर अनेक जाणत्या प्रोग्रामरांचा विश्वास नव्हता. पुण्यालाही ही गोष्ट नवी नाही. येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये आराखड्यावरून कोड तयार करणाऱ्या साधनांवर एआय साहाय्यक येण्याच्या कितीतरी आधी काम झाले. मात्र कंपायलर ठरलेल्या नियमांनी चालतो, तर साहाय्यक त्याच प्रश्नाला आज एक आणि उद्या दुसरे उत्तर देऊ शकतो, म्हणून त्याचे लिखाण वाचून पारखावेच लागते.

समजा, त्याने व्याज आकारणीचे फंक्शन लिहून दिले आणि रकमा फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे अपूर्णांक बहुधा अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवल्या. चाचण्या हिरव्या, म्हणजे यशस्वी, दिसतात. पण संगणकाच्या ० आणि १ यांच्या द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हा बारीकसा फरक असंख्य व्यवहारांत साठत जातो आणि कधीतरी हिशेबात पैशांचा मेळ बसेनासा होतो. ज्याने असा न जुळलेला हिशेब एकदा रात्रभर बसून शोधला आहे, त्याची नजर रकमेचा प्रकार पाहताच थबकते. ही नजर सरावातूनच येते, आणि तो सरावच आता आपल्या हातून निसटतो आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच हा पेच मांडला होता : सोपे काम यंत्राकडे गेल्यावर माणसाच्या वाट्याला अवघड प्रसंग तेवढे उरतात, आणि त्यांसाठी लागणारा सराव मात्र त्याला मिळेनासा होतो.

तयार सांगाडा आणि पाइपलाइन यांतून येणाऱ्या प्रमाणीकरणाचा फायदा मी नाकारत नाही. त्यामुळे एका प्रकल्पातला माणूस दुसऱ्यात लवकर रुळतो. पण पुढच्या वेळी पाइपलाइन अडली, की लगेच ती पुन्हा चालवण्याचे बटण दाबू नका. लॉगमधली पहिली चूक शोधा, कारण शेवटची बहुधा तिचाच परिणाम असते. आपला अंदाज कागदावर लिहा आणि मगच दुरुस्तीला हात घाला. महिन्यातून एकदा कोऱ्या लिनक्स यंत्रावर एखादी छोटी सेवा स्वतः उभी करा. गटात नुकतेच कोणी रुजू झाले असेल, तर त्यालाही शेजारी बसवा. तुमचा सराव सुटला आहे, त्याने तर हे काम कदाचित एकदाही हाताने केलेले नसेल.